परसातल्या धीट पक्ष्यांचा वारंवार होणारा उपद्रव : कारण कसे ओळखावे आणि काय करावे

शिमगा सरला, आंब्याला कैऱ्या दिसू लागल्या की कोकणातल्या घराघरांतून पक्ष्यांविषयीच्या त्याच तक्रारी पुन्हा ऐकू येतात. दयाळ पहाटेपासून खिडकीच्या काचेवर चोच आपटत राहतो. ओटीवरच्या टांगत्या कुंडीत बुलबुल घरटे बांधतो आणि घरच्याच माणसांना ये-जा करताना अवघडल्यासारखे होते. मागीलदारी मासळी साफ करायला बसलेल्या बाईच्या हातासमोरून कावळा तुकडा उचलून नेतो, आणि ज्या घरात मागच्या वर्षी साळुंकीचे पिल्लू हाताने भरवून वाढवले गेले, तिथे तीच साळुंकी आल्यागेल्याच्या डोक्यावर बसू लागते. यावरचे उपायही ठरलेले असतात : फटाके, गलोल, दोरीला टांगलेली सीडी, चकचकीत फिती, प्लास्टिकचे घुबड. त्यांनी दोन-चार दिवस शांतता लाभते आणि मग सगळे पहिल्यासारखे सुरू होते, कारण हे उपाय पक्ष्याला घाबरवण्यापुरतेच आहेत आणि पक्षी येतो तो आपल्या घराकडून त्याला काही तरी मिळत असते म्हणून. ते मिळणे चालू राहिले की भीती विरते, कारण ज्या फितीने किंवा घुबडाने कधी कोणाला इजा केली नाही, तिला घाबरून राहणे पक्ष्याला परवडत नाही.

म्हणून उपायाला हात घालण्याआधी एक-दोन दिवस नुसते पाहावे. पक्षी नेमका कुठे बसतो, कोणत्या वेळी येतो, त्याची चोच कशाच्या दिशेने असते, तो घरातल्या सर्वांकडे सारखाच येतो की एकाच माणसाकडे, आणि त्या माणसाच्या हातात तेव्हा काय असते, एवढे टिपून ठेवले तरी बहुतेक वेळा कारण समोर येते. मी आजवर पाहिलेल्या तक्रारींमागे खाणे, आरशातला प्रतिस्पर्धी, घरटे किंवा लहानपणी माणसाने भरवलेला घास यांपैकीच काही तरी निघाले आहे, आणि प्रत्येकाची दुरुस्ती निराळी आहे. काचेवर चोच मारणाऱ्या दयाळाला भूक लागली असेल असे समजून खिडकीत दाणे ठेवले, तर एका तक्रारीच्या दोन होतात.

धीटपणा हा मुळात दोष नाही, हेही आधी स्पष्ट केले पाहिजे. आळे खणताना किंवा पालापाचोळा ओढताना कुदळीपासून चार हातांवर येऊन बसणारा दयाळ वर आलेले किडे टिपत असतो. नांगरामागे गायबगळे चालतात आणि चरणाऱ्या गुरांच्या आसपास कोतवाल घिरट्या घालतो, तोच हा व्यवहार आहे. युरोपातला रॉबिन रानात डुकरांनी उकरलेल्या मातीत किडे शोधतो, आणि इंग्लंडच्या बागांत तोच पक्षी फावडे चालवणाऱ्या माळ्याच्या पायाशी येतो. अशा पक्ष्याने आपले काम आणि आपले अंतर दोन्ही सांभाळलेले असते. त्याला हाकलण्याचे काही कारण नाही आणि हातावर बोलावण्याचेही नाही.

काचेवर आणि आरशावर हल्ला

ही तक्रार सर्वांत अधिक येते, आणि गावोगावी काचेच्या मोठ्या सरकत्या खिडक्या बसू लागल्यापासून ती वाढली आहे, असे माझे मत आहे. दयाळाचा विणीचा हंगाम साधारण मार्चपासून जुलैपर्यंत चालतो. या काळात नर आपली हद्द राखतो, माडाच्या किंवा फणसाच्या शेंड्यावरून गातो आणि दुसरा नर दिसला की त्याच्यावर धावून जातो. काचेत किंवा दुचाकीच्या आरशात त्याला जो दिसतो, तो त्याच्या लेखी दुसरा नरच असतो. खऱ्या भांडणात दोघांपैकी एक लवकरच माघार घेतो आणि प्रकरण मिटते. काचेतला नर मात्र माघार घेत नाही, हा जितका चेवाने धावून जाईल तितक्याच चेवाने तोही समोर येतो, आणि म्हणून हे भांडण आठवडेच्या आठवडे संपत नाही. शिंजीर, बुलबुल आणि धोबी हे पक्षीही असेच करताना दिसतात.

ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी 1940 च्या आसपास रॉबिनवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. पेंढा भरलेला रॉबिन हद्दीत ठेवला तर हद्दीचा मालक त्याच्यावर तुटून पडत असे, आणि पूर्ण पक्षी न ठेवता नुसता तांबड्या पिसांचा झुबका ठेवला तरी तो चिडत असे. समोरचा पक्षी जिवंत आहे की नाही याची शहानिशा तो करत नव्हता, ठरावीक खूण दिसली की हल्ला होत होता. दयाळाचेही तसेच समजावे. तो वेडा झालेला नाही, त्याला घरात यायचे नाही, आणि यात शकुन-अपशकुनाचा काही संबंध नाही. खूण दिसेनाशी झाली की तो थांबतो.

काचेत प्रतिबिंब केव्हा पडते हे तपासायला ज्या वेळी हल्ला होतो त्याच वेळी बाहेर जाऊन, पक्षी बसतो त्या उंचीवरून काचेकडे पाहावे. बाहेर उजेड आणि आत काळोख असला की काच आरशासारखी होते, आणि आतून गडद पडदा ओढला तर ती अधिकच आरशासारखी होते. पडदा लावूनही उपयोग झाला नाही ही नेहमीची तक्रार त्यामुळेच असते. उपाय काचेच्या बाहेरच्या अंगालाच करावा लागतो. साबणाचे पाणी फासून वाळू द्यावे किंवा पातळ चुना ओढावा, आणि ज्यांना खिडकी खराब दिसलेली चालत नाही त्यांनी बाहेरून गोणपाट अथवा शेडनेट सोडावे. कायमची सोय करायची असेल तर काचेच्या बाहेरून मच्छरजाळी बसवून घ्यावी, म्हणजे प्रतिबिंबही मोडते आणि वाराही मिळतो. एकाच खिडकीला उपाय करून थांबू नये, कारण पक्षी शेजारच्या खिडकीत तोच प्रतिस्पर्धी शोधून काढतो. त्या बाजूच्या सगळ्या काचा एकाच दिवशी झाकाव्यात. गाडीचे आरसे उभी असताना दुमडून ठेवावेत किंवा त्यांवर कापडी पिशवी बांधावी.

एक इशारा इथे द्यावासा वाटतो. किनाऱ्यावर मासेमारीचे जुने नायलॉनचे जाळे फुकट मिळते आणि खिडकीवर, झाडावर तेच सैल टाकून दिले जाते. त्यात पक्षी, वटवाघळे आणि साप अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत त्यांना जखमा होतात. जाळी वापरायचीच तर ती बारीक विणीची आणि चौकटीला ताणून बसवलेली असावी.

काचेवर एकदाच जोरात आदळून खाली पडणारा पक्षी ही वेगळी बाब आहे. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग किंवा आमराईतून वेगाने जाणारी हरोळी काचेत दिसणाऱ्या झाडांकडे झेपावते आणि आपटते. अशा पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी तास-दोन तास ठेवावे. त्याच्या चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तरतरी आली की खोके बाहेर नेऊन उघडावे. अशा अपघातांसाठीही काचेच्या बाहेरची जाळी उपयोगी पडते.

हातातला घास उचलणारा कावळा

कावळ्याच्या बाबतीत घरातली माणसे एकमेकांना दोष देतात, आणि दोष खरोखर वाटून घेण्यासारखा असतो. आजोबा चहाबरोबरच्या बटराचा तुकडा टाकतात, मुले टाकत नाहीत, सून हाकलते, आणि मासळी साफ करताना आतडी अंगणात तशीच पडून राहतात. कावळ्याला कधी मिळते आणि कधी मिळत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हे दिसून आले की ज्या कृतीला दर वेळी बक्षीस मिळते ती कृती बक्षीस बंद झाल्यावर लवकर थांबते, आणि ज्या कृतीला अधूनमधून, अनियमित बक्षीस मिळत राहिले ती थांबवणे सर्वांत कठीण असते. ‘आम्ही तर त्याला क्वचितच देतो’ हे समर्थन म्हणून सांगितले जाते, पण नेमके ते क्वचित देणेच कावळ्याला चिवट बनवते.

म्हणून पहिली दुरुस्ती पक्ष्याची नाही, घराची आहे. घरातल्या प्रत्येकाने, पाहुण्यांसह, एकाच दिवसापासून देणे थांबवावे. त्यानंतर जे घडते ते आधीच माहीत असले पाहिजे : पहिले काही दिवस उपद्रव कमी होत नाही, तो वाढतो. कावळा अधिक जवळ येतो, ओरडतो, पूर्वी कधी न केलेले धाडस करतो, ताटावर झेप घालतो. ही बक्षीस बंद झाल्यावरची शेवटची धडपड असते आणि प्राण्यांच्या शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांना ती चांगली परिचित आहे. नेमक्या याच टप्प्यावर कोणी तरी कंटाळून ‘घे बाबा एकदाचा’ म्हणून तुकडा टाकतो, आणि त्या तुकड्याने कावळा एवढेच शिकतो की मिळवायला इतका नेट लावावा लागतो. त्यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी. ज्या घरात हा टप्पा सगळ्यांनी मिळून काढला, तिथे कावळा येत राहिला तरी गडग्यावर बसून परत जातो.

मासळीची व्यवस्था स्वतंत्रपणे लावावी लागते, कारण ती सर्वांत मोठे बक्षीस आहे. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर कावळ्यांचे आणि घारींचे जे थवे दिसतात, त्यांच्या धीटपणाचे कारण तिथे उघडेच पडलेले असते, आणि आपले मागीलदार हे त्याचेच लहान रूप आहे. साफसफाई पडवीत, जाळी लावलेल्या कोपऱ्यात करावी. आतडी आणि खवले झाकणाच्या बादलीत टाकावेत आणि नंतर माडाच्या आळ्यात पुरावेत. मासळीचे खत माडाला उत्तम मानवते, मात्र खड्डा हातभर खोल असावा, नाही तर कुत्री, मुंगूस आणि कावळे तो उकरतात. सुकत घातलेली मासळी जमिनीवर न ठेवता मांडवावर ठेवून वर ताणलेली जाळी घालावी.

पितृपक्षात कावळ्याला पान ठेवण्याची आपली रीत आहे आणि ती सोडावी असे मी म्हणत नाही. फक्त पान ओटीच्या कठड्यावर न ठेवता परसाच्या टोकाला, दर वर्षी एकाच जागी ठेवावे, हातातून भरवू नये, आणि काम झाले की उरलेले उचलावे. जागा आणि वेळ यांचा संबंध कावळा फार लवकर जोडतो, त्यामुळे टोकाचे पान त्याला टोकाकडेच नेते. खारट फरसाण, चिवडा, तळलेले पदार्थ कोणत्याच पक्ष्याला देऊ नयेत. जेट्टीवर आणि फेरीबोटीवर कुरवांना फरसाण उधळणारे पर्यटक त्या पक्ष्यांचे भले करत नाहीत, ही गोष्ट त्यांना कोणी तरी थांबवून सांगायला हवी.

पक्ष्यांसाठी काही करावेसे वाटते त्यांनी खाण्याऐवजी पाणी ठेवावे. पसरट मातीचे भांडे, दोन-तीन बोटे पाणी, आजूबाजूला मांजराला दडायला झुडूप नाही अशी जागा, आणि रोज घासून बदललेले पाणी. साचलेल्या पाण्यात डासाची अंडी आठवड्या-दहा दिवसांत उडता डास होतात, त्यामुळे रोज बदलणे घरच्यांसाठीही आवश्यक आहे. खाण्यासाठी जास्वंद, रातांबा, जांभूळ, उंबर ही झाडे पुरेशी आहेत. झाडावरचे खाणारा पक्षी माणसाच्या हाताकडे पाहायला शिकत नाही.

ओटीवरचे घरटे

बुलबुल आणि शिंजीर माणसाच्या वावरात घरटे करतात यामागे त्यांचा हिशेब असतो. जिथे माणसे सतत ये-जा करतात तिथे कावळा आणि भारद्वाज अंडी-पिल्ले पळवायला सहसा धजत नाहीत. म्हणजे पक्ष्याला आपली वर्दळ चालते, किंबहुना हवीच असते. त्याला चालत नाही ते आपले थांबणे. माणूस न थांबता बाजूने निघून गेला तर बुलबुल घरट्यावर बसून राहतो, पण तोच माणूस थबकून डोळे रोखून पाहू लागला की तो उडतो. अंडी उघडी पडतात आणि कावळ्याला घरट्याचा पत्ता लागतो. मोबाइलने रोज फोटो काढणे हे घरटी उजाड होण्याचे एक मोठे कारण आहे, आणि त्याबद्दल घरातल्या लहानांइतकेच मोठ्यांनाही बजावावे लागते.

सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळ किहीम इथे राहत असताना सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला आणि एका नराची एकामागून एक अनेक माद्यांशी जोडी जमते हे दाखवून दिले. घराच्या आसपासच्या वसाहतीचे इतके बारीक निरीक्षण होऊ शकले ते सातत्याने आणि पक्ष्यांना न छेडता पाहिल्यामुळेच. ज्यांना घरटे पाहायचेच आहे त्यांनी आतल्या खिडकीतून, अंतर राखून पाहावे.

घरटे दिसल्यावर ते हलवू नये. बुलबुलाला अंडी उबवायला दोन आठवड्यांच्या आसपास आणि पिल्ले घरट्याबाहेर पडायला पुढे साधारण तितकेच दिवस लागतात, म्हणजे घरच्यांना जेमतेम महिनाभर सोसायचे असते. जवळचा पंखा आणि दिवा बंद ठेवावा, बटणावर कागद चिकटवावा म्हणजे कोणी चुकून लावणार नाही, आणि मांजर असेल तर रात्री ते आत घ्यावे. कुंडीला पाणी कडेने घालावे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा त्यांची अंडी-घरटी विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येत येते, हेही शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. पुढच्या वर्षी त्या जागी घरटे नको असेल तर मार्च उजाडण्याआधी टांगलेली कुंडी उतरवावी आणि परसात, थोड्या आडोशाला टांगावी. घरटे अर्धे झाल्यावर मोडत बसलो तर पक्षी तिथेच पुन्हा काड्या आणतो. शिंजीर घरट्यासाठी कोळ्याची जाळी वापरतो, म्हणून परसातल्या कुडावरची जळमटे त्या दिवसांत राहू द्यावीत.

मे महिन्यात डोक्यावर टोच मारणारे कावळे याच सदरात येतात. त्यांचे घरटे किंवा नुकते खाली उतरलेले पिल्लू जवळपास असते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे अनेक वर्षे त्या मुखवट्याच्या माणसावर कावळे ओरडत राहिले, आणि जे पकडले गेलेच नव्हते तेही त्यात सामील झाले. तिथल्या कावळ्याची जात निराळी असली तरी दगड मारणारा माणूस आपले घरकावळेही विसरत नाहीत, असाच अनुभव आहे. त्यामुळे दगड हा इथे उपाय ठरत नाही, तक्रार वाढवणारे ते कारण ठरते. पिल्ले उडेपर्यंत त्या झाडाखालून छत्री उघडून जावे किंवा वाट बदलावी.

हाताने वाढवलेले पिल्लू

ही दुरुस्ती सर्वांत अवघड आहे, म्हणून ती टाळणेच इष्ट. पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू खाली दिसले तर बहुधा ते हरवलेले नसते. उडायला शिकण्याचा तो टप्पा असतो आणि आई-बाप वर कुठे तरी चोचीत किडा घेऊन आपण दूर जाण्याची वाट पाहत असतात. त्याला उचलून जवळच्या झुडपात, कुत्र्या-मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवावे आणि लांब जावे. माणसाचा हात लागला तर पक्षी पिल्लू टाकून देतात ही समजूत खरी नाही. बिनपिसाचे पिल्लू सापडले आणि घरटे दिसत असेल तर ते सरळ घरट्यात ठेवावे.

घरी नेलेले पिल्लू माणसालाच आपले मानू लागते. कोनराड लोरेन्झ यांनी हंसाच्या पिल्लांवर 1935 मध्ये याचे सविस्तर वर्णन केले, आणि प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी 1973 चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी ते एक होते. घरट्यातच उशिरापर्यंत राहणाऱ्या साळुंकीसारख्या पक्ष्यांत हे त्याच पद्धतीने होत नाही, तरी परिणाम ओळखीचा आहे : पक्षी माणसाला घाबरत नाही, आपल्या जातीत मिसळत नाही, भूक लागली की कोणाच्याही खांद्यावर बसतो आणि अखेर एखाद्या अनोळखी अंगणात मार खातो. अशा साळुंकीला एकदम हाकलून देऊ नये आणि पिंजऱ्यातही कोंडू नये. घरातले खाणे हळूहळू कमी करत, परसात इतर साळुंक्या चरतात त्या वेळी तिला बाहेर ठेवत, हातातून भरवणे पूर्ण बंद करून जमिनीवर खाणे ठेवत गेले, तर काही पक्षी थव्यात जातात. जे जात नाहीत त्यांच्यासाठी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. कळवताना पक्षी केव्हा सापडला, तो काय खातो, स्वतःहून टिपतो की अजून चोच उघडून मागतो, आणि पंखाला इजा आहे का, एवढे सांगावे, म्हणजे त्याला रानात सोडता येईल की उपचार केंद्रात न्यावे लागेल हे तिथल्या माणसांना ठरवता येते.